नेपाळी ‘शास्त्रोक्त’, जावाचा ‘दुय्यम’: हा भेद पुराणाचा की पेढीचा?

नेपाळचा रुद्राक्ष शास्त्रोक्त आणि इंडोनेशियाचा दुय्यम, हे वाक्य विक्रेत्यांना तोंडपाठ असते. दावा परंपरेच्या नावाने होतो. तेव्हा परंपरेचेच ग्रंथ उघडून पाहावेत.

शिवपुराणातील विद्येश्वरसंहितेच्या २५व्या अध्यायात रुद्राक्षाच्या उगमभूमी सांगितल्या आहेत. गौड, मथुरा, अयोध्या, लंका, मलय, सह्याद्री, काशी ही नावे तेथे येतात. नेपाळचे नाव येत नाही, जावाचेही नाही. मग ‘शास्त्रोक्त नेपाळी’ हा शब्दप्रयोग आला कोठून?

आकाराची कथा याहून मासलेवाईक. आवळ्याएवढा मणी श्रेष्ठ, बोराएवढा मध्यम, हरभऱ्याएवढा कनिष्ठ, हे वचन दुकानात हमखास ऐकवले जाते. परंतु त्याच अध्यायात थोडे पुढे गुंजेएवढा मणी सर्व कार्ये सिद्ध करणारा म्हटला आहे. मणी जसजसा लहान, तसतसे फळ अधिक, असेही तेथेच सांगितले आहे. मोठ्या मण्याला मोठा भाव लावणारा व्यापारी पहिल्या वचनापाशी पोथी मिटतो. अशी सोयीची पोथी इतिहासाचे साधन ठरत नाही.

प्रत्यक्षातला फरक साधा आहे. पूर्व नेपाळच्या भोजपूर, संखुवासभा या डोंगराळ जिल्ह्यांतला मणी सहसा मोठा, त्याच्या रेषा खोल आणि ठसठशीत. जावाचा मणी लहान, गुळगुळीत. १०८ मण्यांची जपमाळ त्याची हलकी होते. वनस्पतिशास्त्र सामान्यतः दोन्ही एकाच जातीत धरते.

जावाला ‘परके’ म्हणणे तर निव्वळ अज्ञान होय. तेथे आणि बालीत या मण्याला गणित्री, जेनित्री म्हणतात. शब्दाच्या मुळाशी मोजणे हा अर्थ असलेला संस्कृत ‘गण्’ धातू आहे. प्रम्बाननचे भव्य शिवमंदिर नवव्या शतकातले; इ.स. ८५६ चा शिवगृह शिलालेख त्याच्याशी जोडला जातो. बालीच्या पुरोहितांच्या अंगावर या माळा आजही दिसतात. शिवभक्तीची एवढी जुनी भूमी केवळ भावफलकावर खाली उतरवली गेली आहे.

पाण्यात बुडतो तो खरा, ही कसोटीही फोल; बुडणे-तरंगणे मण्याच्या घनतेवर आणि सुकेपणावर ठरते. कोरीव मुखे किंवा डिंकाने जोडलेले दोन मणी हुडकायचे तर भिंग घेऊन रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड जाते का, हे पाहावे. शंका उरल्यास क्ष-किरणाने आतले कप्पे मोजता येतात. मुखे आणि कप्पे सहसा जुळतात. नेपाळ की जावा, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही केवळ आकाराच्या आवडीचा.