कर घेताना मुंबई एक, कागद देताना दोन!

कुलाब्याच्या दांडीपासून दहिसर-मुलुंडच्या वेशीपर्यंत पसरलेल्या या महानगरात महापालिका एक, विकास आराखडा एक, मालमत्ता कर घेणारा हात एक आणि या साऱ्यांचा भार निमूटपणे वाहणारा करदाताही एकच. परंतु हाच करदाता जेव्हा आपल्या घराखालची जमीन कोणाच्या नावे आहे, तिचे क्षेत्र किती, तिच्यावर बोजा कोणाचा आणि तिचा अधिकृत नकाशा कोणत्या दप्तरात आहे, एवढाच साधा, सनदशीर आणि हक्काचा प्रश्न विचारतो, तेव्हा मात्र शासनाला एकाएकी साक्षात्कार होतो की मुंबई एक नसून दोन आहेत. माहीमच्या खाडीअलीकडे मुंबई शहर जिल्हा, पलीकडे मुंबई उपनगर जिल्हा. अलीकडचे जिल्हाधिकारी फोर्टात, पलीकडचे वांद्र्यात. अलीकडचे दप्तर निराळे, पलीकडचे निराळे, आणि दोहोंच्या मध्ये हेलपाटे घालणारा नागरिक! वसुलीला एक मुंबई आणि उत्तराला दोन!

1950 साली महापालिकेने शीव-माहीमची वेस ओलांडली, 1957 साली तिची हद्द दहिसर आणि मुलुंडला भिडली, आणि पुढे कित्येक वर्षे बृहन्मुंबई हा एकच जिल्हा होता. 1 ऑक्टोबर 1990 रोजी त्याचे दोन जिल्हे झाले. वाढत्या वस्तीला दोन जिल्हाधिकारी लागले असतील, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांना स्वतंत्र मुख्यालय हवे असेल. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार ही आहे की खुर्च्या वाटताना जी तत्परता दाखवली गेली, तिच्या शतांशानेही जमिनीची दप्तरे एकमेकांशी जुळवण्याची इच्छा तेव्हापासून आजतागायत कोणाला झाली नाही. खुर्च्या दोन झाल्या. जबाबदारी एकाचीही उरली नाही.

या दप्तरांचे स्वरूप पाहा. शहरात जमिनीला सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असतो आणि गावाऐवजी डिव्हिजन: भुलेश्वर डिव्हिजन, माझगाव डिव्हिजन, लोअर परळ डिव्हिजन. जुन्या दस्तांत याच जमिनी कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात केलेल्या मोजणीच्या क्रमांकांनी येतात. खाडी ओलांडली की नगर भूमापनाचा सी. टी. एस. नंबर, त्याच्यामागे मौजे, तालुका, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आणि नगररचना योजना लागू असेल तर वर अंतिम भूखंड क्रमांक. शहरासाठी जमीन महसूल संहितेचे चौदावे प्रकरण स्वतंत्र आणि तिथले भूमापन जिल्हाधिकाऱ्यांच्या छत्राखाली. उपनगरातला नगर भूमापन अधिकारी भूमी अभिलेख खात्याचा, आणि त्या खात्याचे प्रमुख जमाबंदी आयुक्त पुण्यात. दस्तांची नोंद दुय्यम निबंधकाकडे, त्याचे वरिष्ठ नोंदणी महानिरीक्षकही पुण्यातच. कराचे खाते महापालिकेत, त्याचा क्रमांक आणखी वेगळा. जमीन तसूभर हलत नाही, पण तिला इतके आकडे चिकटवले आहेत की लोखंडवाला संकुलात उभा जन्म काढलेल्या गृहस्थालाही आपले मौजे ओशिवरे आहे हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसेल तर सरकारी शोधयंत्रणेत त्याच्या पत्त्याला कवडीची किंमत नाही. त्या पत्त्यावर पोस्टमन येतो, थकबाकीची नोटीस येते, जप्तीवाले येतात. कागद तेवढा सापडत नाही!

वडिलांच्या पश्चात गिरगावातल्या वडिलोपार्जित घराचा हिस्सा आणि बोरिवलीतला फ्लॅट यांचे कागद जमवणाऱ्या कोणत्याही लेकीला विचारा. "नंबर आणा" म्हणून पहिली खिडकी परत पाठवते, नंबर नेला तर "जुना नंबर सांगा" म्हणून दुसरी. नकाशा मागावा तर रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर, साहेब मीटिंगला, आणि अखेरीस "हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या जिल्ह्यात बघा". बाहेर चहाच्या टपरीपाशी उभा असलेला एजंट मात्र तीच नक्कल संध्याकाळपर्यंत हातात ठेवतो. जे दप्तर मालकाला सापडत नाही, ते दलालाला कसे सापडते? आणि एवढी पायपीट करून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळालीच, तर धारकाच्या रकान्यात नाव कोणाचे? केव्हाच दिवंगत झालेल्या पणजोबांचे, नाही तर पैसे घेऊन मोकळ्या झालेल्या विकासकाचे. 1963 चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अर्थात मोफा कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण व्हायला हवे. चार महिने सोडा, सभासदांच्या दोन पिढ्या सरल्या तरी पत्रिकेवरचे नाव बदलत नाही, अशा सोसायट्या या शहरात पावलोपावली आहेत.

कायदा संदिग्ध आहे काय? मुळीच नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 57 सांगते की स्थावर मिळकतींच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक 1 आणि त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येईल; 1966 च्या महसूल संहितेचे कलम 327 सांगते की नकाशे आणि भूमी अभिलेख जनतेला तपासणीसाठी खुले राहतील; 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की अभिलेखांची सूची करावी, ते संगणकावर आणावेत आणि नागरिकाने मागण्याची वाट न पाहता माहिती आपणहून प्रसिद्ध करावी. या सर्वांवर कडी म्हणजे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 3: दस्त रीतसर नोंदला गेला की पुढच्या खरेदीदाराला तो ठाऊक आहे असे कायदा गृहीत धरतो, मला तो कोणी दाखवला नाही, ही सबब चालत नाही. म्हणजे राज्याचा कायदा नागरिकाला बजावतो की तुला सर्व काही ठाऊक आहे, आणि राज्याचा कारकून त्याच नागरिकाला खिडकीवरून हाकलतो. याहून निलाजरा दुटप्पीपणा आम्ही पाहिलेला नाही.

पैशाचा प्रश्न आला की हीच यंत्रणा किती चपळ होते, तेही पाहा. मुंबईत 1 कोटी रुपयांचे घर घेणाऱ्याकडून सर्वसाधारणपणे 6 लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी शुल्क घेतले जाते. दस्त नोंदवायचा तर आता मुंबईकर दोन्ही जिल्ह्यांतल्या कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे जाऊ शकतो. तिथे खाडी आडवी येत नाही, हद्द आडवी येत नाही, संगणक रुसत नाही. तिजोरीत रक्कम पडायची असते तेव्हा दोन जिल्हे एका रात्रीत एक होतात. मग तीच हद्द नक्कल देताना पुन्हा कोठून उगवते?

अभिलेख जपण्याचे कारण पुढे करून ते दडवले जात असतील, तर ते जपले तरी किती गेले? 21 जून 2012 रोजी प्रत्यक्ष मंत्रालय पेटले आणि राज्याच्या कारभाराच्या असंख्य फायली जळाल्या. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचे प्रकरण चव्हाट्यावर आले तेव्हा नगरविकास खात्याच्या फाइलमधली पाने गायब झाल्याचे उघड झाले. आणि मढ-एरंगळच्या किनाऱ्यावर तर भूमी अभिलेखांचे नकाशेच बनावट तयार करून, सागरी किनारा नियमांनी जिथे वीट ठेवता येत नाही तिथे पूर्वापार बांधकामे असल्याचे भासवले गेले, विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि तपासाचा माग दप्तर सांभाळणाऱ्या खात्याच्या आतच पोहोचला. आपल्या घराचा नकाशा बघायला मिळावा म्हणून अर्ज करणारा नागरिक उंबऱ्यावर अडवला जातो आणि नकाशा बदलणारा भामटा थेट माजघरात शिरतो! कुंपणच शेत खाऊ लागले आहे. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद करतो. पण "फाइल सापडत नाही" हे उत्तर देऊन निर्धास्तपणे निवृत्त झालेले अधिकारी मोजावेत तेवढे थोडे, आणि त्या उत्तरासाठी गजाआड गेलेला एक तरी शासनाने आम्हाला दाखवावा.

हा गोंधळ अज्ञानातून जन्मलेला नाही. अज्ञान असते तर ते एव्हाना दूर झाले असते. साधने हाताशी आहेत, पैसा आहे, आणि प्रत्येक भूखंडाला 14 अंकी भू-आधार क्रमांक देण्याची योजना केंद्राने 2021 सालीच आणली आहे. गोंधळ टिकतो कारण त्याच्यावर अनेकांची चूल पेटते. नंबर ठाऊक असलेल्या एजंटाची पेटते; त्याच्याकडून पाकीट घेणाऱ्या खिडकीची पेटते; सोसायटीला जमिनीचा थांग लागू न देता वाढीव चटईक्षेत्रावर डोळा ठेवून बसलेल्या विकासकाची पेटते; आणि या तिघांच्या जिवावर निवडणुका लढवून नंतर व्यासपीठावरून पारदर्शकतेच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्याची तर सर्वांत मोठी पेटते. उघडे दप्तर या चौघांनाही परवडणारे नाही. म्हणूनच ते मिटलेले आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. सी. एस., सी. टी. एस., दस्त आणि कर यांचे क्रमांक एकमेकांशी जोडून दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच शोध खुला करा, आणि तो रस्ता, इमारत, सोसायटी या लोकांना ठाऊक असलेल्या पत्त्यावर चालला पाहिजे. जुन्या सूच्या आणि नकाशे यांच्या प्रती काढून सर्वांसमोर ठेवा. गहाळ अभिलेखांची यादी, ते सांभाळण्याची जबाबदारी ज्यांची होती त्या अधिकाऱ्यांच्या पदनामांसह, प्रसिद्ध करा आणि गुन्हे नोंदवा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. मुद्रांक शुल्कासाठी जी हद्द पुसता आली, ती माहितीसाठी पुसता येत नाही असे सांगणारा मंत्री असो वा सचिव, तो धादांत खोटे बोलतो आहे.

मुंबईकरांनो, आर्जवाची वेळ संपली आहे. खिडकीपुढे हात जोडून उभे राहू नका. कलम 57 आणि कलम 327 यांचा नामनिर्देश करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा आणि अपील करा. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय मिळकत पत्रिकेचा ठेवा. महापालिकेची, विधानसभेची मते मागायला जो येईल त्याला, हे दप्तर कधी उघडणार, हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू देऊ नका. हे दप्तर सरकारची खासगी मालमत्ता नाही. ते आपले आहे, आणि ते मिळवलेच पाहिजे.