घरोघरीं : मुलांची घेरी

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याची नऊ वर्षांची कन्या रायगडाच्या पायऱ्या धांवत चढतांना एकाएकीं कोसळली. हातपाय ताठले, डोळे फिरले. मिनिटभरांत उठून ती पाणी मागूं लागली. घरांतील वडील मंडळींनीं कांदा हुंगवून 'फेफरें' असें निदान केलें, व सारा जन्म शाळेंत घालविलेल्या आम्हींही मान डोलाविली. मुलीच्या आईनें मात्र कोणाचें न ऐकतां तिला पाचाडाहून महाडास नेलें. तेथें हृदयाचा विद्युदालेख निघाला आणि डॉक्टरांनीं तडक मुंबईस धाडलें.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युत्-दृष्ट्या पूर्वस्थितीस यावें लागतें. कांहीं मुलांत हा काल जन्मतःच लांबलेला असतो. आलेखांत 'क्यू' पासून 'टी' पर्यंतचें अंतर वाढलेलें दिसतें. मग धांवणें, पोहणें किंवा दचकणें एवढेंही निमित्त पुरतें. ठोके सैरावैरा धांवूं लागतात व मेंदूस रक्त पोंचत नाहीं. लय आपोआप सांवरली तर मूल टवटवीत उठतें, आणि तेथेंच वडील माणसें फसतात. न सांवरली तर कांदा व वहाण शोधीत बसूं नये. १०८ क्रमांकास हांक द्यावी आणि छातीच्या मध्यावर मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबीत राहावें.

१९५७ सालीं नॉर्वेंतील येरवेल व लांगे-नील्सन यांनीं एका घरच्या जन्मबधिर व वारंवार मूर्च्छित होणाऱ्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांतील तिघें अकस्मात् दगावलीं. तो प्रकार आईबाप दोघांकडूनही दोष आल्यास होतो. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घराण्यांनीं हें ध्यानांत धरावें, व जन्मबधिर मुलाचा आलेख अवश्य काढवावा.

उपचार बहुधा साधा. प्रोप्रानोलोलसारखी गोळी रोज, एकही दिवस न चुकवितां. कित्येकांस लय बिघडतांच धक्का देणारें यंत्र छातींत बसवावें लागतें. एरिथ्रोमायसिनसारखीं कांहीं नेहमींचीं औषधें वर्ज्य. भावंडांचे व आईबापांचे आलेखही काढतात; आमच्या पुतण्याचा तसाच निघाला, आणि त्यास आयुष्यांत घेरी ठाऊक नव्हती!

१९८८ सालीं आमचा एक विद्यार्थी वर्गांत दोनदां पडला होता. 'उपाशी आला असेल,' म्हणून आम्हीं त्यास गूळ दिला. पुढें तो पट्टीचा पोहणारा मुलगा संथ पाण्यांत बुडाला. त्यास हाच विकार होता असें आतां कोण सांगणार? तथापि त्याची बहीण जवळच नांदते; परवां तिच्याकडे जाऊन तिच्या मुलांचे आलेख काढण्याविषयीं आम्हीं बोललों. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, तो वर्गांत पडला होता हें तुम्हीं आईला कधीं सांगितलें नाहींत."

सोमवारच्या गाडीनें मुलें महाडास जाणार आहेत.