भारी पिस्तूल, रिकामी छर्ऱ्यांची डबी



नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना थेट सर्वांत महागडे एअर पिस्तूल घेऊन द्यावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला पटला नाही. १० मीटर प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे. हाताच्या मापाची मूठ आणि दरवेळी एकसारखा सुटणारा ट्रिगर, एवढ्यासाठी पैसे जरूर मोजावेत. त्यापुढचा पैसा सरावाला ठेवा. आम्ही लेकीसाठी कर्ज काढून भारी पिस्तूल आणले आणि छर्ऱ्यांना पैसे उरले नाहीत. तिचा सराव निम्म्यावर आला. ते महिने तिला परत मिळणार नाहीत. वापरलेले पिस्तूल घेताना मात्र हवेच्या सिलिंडरवरची तारीख पाहाच. दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही.

– एक पालक, कोल्हापूर