जयगडचे पाणी आणि रशियाचा बर्फ

१/ रशियाच्या इतिहासाची एक गुरुकिल्ली नेहमी सांगितली जाते : न गोठणाऱ्या बंदराची ओढ. हे सूत्र खोटे नाही, अपुरे आहे. त्यातली उणीव रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडावरून नेमकी दिसते.

२/ आर्खांगेल्स्क १५८४ साली वसले; पण हिवाळ्यात श्वेत समुद्र गोठला की तिथला व्यापार थांबे. त्याहूनही उत्तरेला, ६९ अंश अक्षांशाजवळ असलेली कोला खाडी मात्र अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे मोकळी राहते. तरीही मुर्मान्स्क शहर स्थापन झाले ते १९१६ मध्ये, महायुद्धाच्या निकडीने लोहमार्ग तिथवर नेला जात असताना. मोकळे पाणी शतकानुशतके होतेच. नव्हती ती पाठीमागची वाट.

३/ कोकणात बर्फाचे काम पावसाळा करी. नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते किनाऱ्यावर ओढलेली असत. अशा किनाऱ्यावर शास्त्री नदीच्या मुखाशी, दक्षिणेच्या डोंगराने नैर्ऋत्य वाऱ्यापासून राखलेले खोल पाणी म्हणजे मोठेच धन. विजापूरकर, आंग्रे आणि १८१८ मध्ये इंग्रज, सर्वांना जयगड हवा होता तो यासाठी.

४/ पण या धनाला मोल आणले ते खाडीने. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून संगमेश्वरला उतरे आणि तिथून होड्यांनी जयगडला येई. संगमेश्वर म्हटले की १६८९ ची संभाजी महाराजांची कैद आठवते; ही बाजारपेठ मात्र विस्मरणात गेली.

५/ एकोणिसाव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबते संगमेश्वरपर्यंत पोहोचेनाशी झाली. जयगडचे पाणी खोलच राहिले. आटली ती वाट.

६/ २००९ पासून जयगडजवळ आधुनिक बंदर आहे, शेजारी १,२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. कोळसा जहाजाने येतो आणि वीज होऊन तारांवरून घाट ओलांडते. इतर मालाला तशी सोय नाही. कोकण रेल्वे संगमेश्वर, रत्नागिरीवरून, म्हणजे आतल्या अंगाने जाते.

७/ म्हणून बंदराची थोरवी केवळ धक्क्याच्या लांबीवर मोजणे इतिहासाला धरून नाही. सह्याद्रीचे उतार उघडे पडले की माती खाडीत येते. खाडी बुजली की होडी, मासा आणि बाजार तिन्ही जातात. निसर्गाने जयगडला दार दिले आहे. अंगण राखणे हे माणसांचे काम.