ड्रग्जच्या बातमीत कोटींचा आकडा असतो, कायदा मात्र ग्रॅम मोजतो!

‘इतक्या कोटींचे ड्रग्ज जप्त’ ही बातमी तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येतेच. फोटोत टेबलावर मांडलेली पाकिटं आणि तोंड झाकलेले आरोपी, खाली ‘फाशीच द्या’ अशा कमेंट्स. पण पकडलेला माणूस विकणारा होता की व्यसनी? आणि त्याच्याकडे नेमकं किती वजनाचं सापडलं? बातमीत हे बऱ्याचदा नसतंच. कायद्यासाठी मात्र हेच दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

कायदा काय म्हणतो?

अमली पदार्थांसाठी देशात १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. २००१च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनाशी जोडली गेली. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, २० किलोच्या वर गेला की ‘व्यावसायिक प्रमाण’. हेरॉइनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम आहेत, तर एमडी म्हणजे मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.

अल्प प्रमाणासाठी १ वर्षापर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला किमान १० वर्षं, आणि जामीन मिळणंही महाकठीण.

यात एक मेख आहे. एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, वजन शुद्ध पदार्थाचं नाही, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं धरायचं. म्हणजे ६ ग्रॅमच्या पुडीत बहुतेक पावडरच असली, तरी ती हेरॉइनच्या ‘अल्प’ मर्यादेबाहेर जाते.

भांग चालते, गांजा का नाही?

झाड एकच. कायद्याने गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे त्याचा चीक. नुसती पानं या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून महाशिवरात्रीला काही राज्यांत भांगेची थंडाई सरकारमान्य दुकानात मिळते आणि गांजाच्या चिलमीसाठी अटक होते. समाजाने कशाला परंपरा म्हटलं आणि कशाला व्यसन, हा फरक कायद्यातही उतरला आहे.

मग पकडलं कोण जातं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये या कायद्याखाली देशात सुमारे ५९,८०० गुन्हे नोंदवले गेले. त्यातले सुमारे ३३,२०० स्वतःच्या सेवनासाठी पदार्थ बाळगल्याचे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त!

आणि टीव्हीवर काय दिसलं?

त्याच वर्षी सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर चॅनल्सनी व्हॉट्सअ‍ॅप चॅट वाचून दाखवत खटला चालवला. रिया चक्रवर्ती जवळपास महिनाभर तुरुंगात होती. तिच्यावर लावलेलं कलम ‘अमली व्यापाराला पैसा पुरवण्या’चं, ज्यात किमान १० वर्षांची शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणं म्हणजे अमली व्यापाराला पैसा पुरवणं नव्हे. सेलिब्रिटींना धडा शिकवण्यासाठी कडक वागवावं, हा युक्तिवादही कोर्टाने नाकारला.

पुढच्या वर्षी क्रूझ प्रकरणात आर्यन खानजवळ काहीच सापडलं नव्हतं, तरी तो तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत राहिला. मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी एनसीबीने त्याचं नाव आरोपपत्रात घेतलंच नाही. अटकेच्या वेळचा गदारोळ आणि या बातमीला मिळालेली जागा, तुम्हीच आठवून बघा.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्येच या प्रकाराला नाव दिलं होतं, ‘मॉरल पॅनिक’. एखादा गट समाजाला धोका म्हणून रंगवायचा, भीती वाढवायची आणि कडक कारवाईची मागणी उभी करायची. एमडीचे कारखाने महाराष्ट्रातही सापडलेत, त्यामुळे धोका खोटा नाही. पण भीतीच्या लाटेत कारखाना चालवणारा आणि पुडी ओढणारा पोरगा एकाच रांगेत उभे केले जातात.

याची किंमत कोण मोजतं?

व्यसनात अडकलेले आणि त्यांच्या घरचे. २०१९च्या केंद्र सरकार-एम्सच्या सर्वेक्षणानुसार, बेकायदा ड्रग्जवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी साधारण एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते. ‘पोलीस पकडतील, लोक काय म्हणतील’ ही भीती घरात असेल, तर डॉक्टरकडे जाणार कोण?

खरं तर कायद्यातच एक दार आहे. कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. हे कलम चॅनलवरच्या चर्चेत तुम्ही कधी ऐकलंय?

तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल, तर केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे: १४४४६. पुढची ‘कोटींची’ बातमी शेअर करण्याआधी त्यात किती ग्रॅम आणि कोणतं कलम लिहिलंय, तेवढं बघा.