घडीच्या छताचे घर घेताना

आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचे चिरंजीव कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटो येथे स्थायिक आहेत. आपल्या पिकअप ट्रकवर बसविण्याजोगा 'पॉप-अप कॅम्पर' घेण्याचे त्यांनी योजिले असून, पुढील उन्हाळ्यात आईवडिलांना त्यातून यलोस्टोनपर्यंत न्यावे असा त्यांचा बेत आहे. मागविलेली किंमतपत्रके त्यांनी हौसेने घरी धाडली. एका पेटीला अठरा हजार डॉलर आणि वरकरणी तशाच दिसणाऱ्या दुसरीला चाळीस हजार, हे पाहून भगिनी बुचकळ्यात पडल्या आहेत. हा फरक नावाचा की मालाचा, असे त्या विचारतात. या सदरात आम्ही शेगड्या, शिलाईयंत्रे आणि पाण्याच्या टाक्यांविषयी लिहीत आलो. परंतु आज कितीतरी घरांतील मुले साता समुद्रांपलीकडे संसार मांडून बसली आहेत, तेव्हा त्यांच्या खरेदीचा विचारही येथे परका ठरू नये.

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटले की महिंद्रांची बोलेरो कॅम्पर डोळ्यांपुढे येते, आणि ती तर पुढे दोन ओळींत माणसे व मागे माल नेणारी साधी पिकअप आहे. अमेरिकेतला हा कॅम्पर निराळा. ट्रकच्या हौद्यात उतरवून घट्ट बांधावयाची ही एक पेटी. तिला स्वतःचे इंजिन नाही, चाके नाहीत. प्रवासात तिचे छत खाली बसलेले असते. मुक्कामी पोचल्यावर ते वर उचलले की कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत माणसाला उभे राहता येते. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागात पलंग, मागे शेगडी, सिंक, फ्रिज आणि बसावयास बाक, इतका सारा संसार त्यात मावतो. पक्क्या भिंतींच्या उंच कॅम्परपेक्षा हा बुटका व हलका असल्यामुळे वारा कमी अडतो, वळणावर गाडी कमी झुकते आणि रानवाटेवर झाडांच्या फांद्या छताला लागत नाहीत. एवढ्याचसाठी लोक कापडी भिंतींची गैरसोय पत्करतात.

भगिनींच्या पत्रात पेट्यांचे रंग, पडद्यांचे नमुने, किंमती, सारे आहे. ट्रक कोणता, हे मात्र नाही. आमच्या मते खरेदीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. ट्रकचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटविलेली आढळते. माणसे व सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा अधिक भार या गाडीवर घालू नये, असे तीवर छापलेले असते. हा आकडा त्याच एका गाडीचा. त्याच नावाच्या, त्याच वर्षाच्या शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा वेगळा निघू शकतो, कारण चार दारांची केबिन, चामडी खुर्च्या, काचेचे छत यांचे वजन त्यातून आधीच वजा झालेले असते. 'अर्धा टन', 'पाऊण टन', 'एक टन' ही तिकडील ट्रकांची बोलीतली नावे जुन्या काळची असून आजच्या भारक्षमतेशी त्यांचा मेळ उरलेला नाही. तेव्हा विक्रेत्याने आपली पेटी अर्ध्या टनाच्या गाडीवर चालते असे सांगितले, तर त्या वाक्याला फारसे मोल देऊ नये.

आता थोडे गणित करू. चिठ्ठीवर १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो, लिहिले आहे असे धरा. पेटीचे छापील वजन १,१०० पौंड. गृहस्थ म्हणतो, चारशे पौंड शिल्लक! परंतु छापील वजन बहुधा 'कोरडे' असते, म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, आणि पुष्कळदा वाढीव सोयीही त्यात धरलेल्या नसतात. फ्रिज, हीटर, बॅटरी व बाहेर ताणावयाची सावली मिळून २०० पौंड. वीस गॅलन पाण्याचे १६७, कारण अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरते. भरलेल्या गॅसच्या टाकीचे ३७. पुढे बसलेल्या दोन माणसांचे ३२०. भांडीकुंडी, कपडे, अंथरुणे, धान्य आणि आईने बांधून दिलेले डबे यांचे २००. बेरीज २,०२४ पौंड झाली. म्हणजे मर्यादेपेक्षा ५२४ पौंड, सुमारे २३८ किलो, अधिक. आणि यात आईवडील अद्याप बसलेलेच नाहीत.

हा जास्तीचा भार ओढण्यास इंजिन कुरकुर करीत नाही, म्हणूनच तो फसवा. सपाट रस्त्यावर सारे सुखरूप भासते. सिएरा नेवाडाचा लांबलचक उतार लागला, की तापलेले ब्रेक आणि तापलेले टायर आपले बोलणे बोलू लागतात. मागील कमानींना हवेच्या पिशव्या जोडा म्हणजे झाले, असा सल्ला पुष्कळजण देतात. तिने गाडीचा बसलेला मागचा भाग वर येतो हे खरे. पण ब्रेक तेच, आस तोच, आणि चिठ्ठीवरील आकडा पौंडभरही वाढत नाही. चिरंजीवांनी एक साधे काम अगोदर करावे. महामार्गांवरील ट्रकतळांवर 'कॅट स्केल' या नावाचे वजनकाटे असतात. टाकी पूर्ण भरून, घरची सारी माणसे बसवून, थोड्या डॉलरांत रिकामा ट्रक तेथे तोलावा आणि ते वजन गाडीच्या एकूण कमाल वजनातून वजा करावे. उरेल तेवढ्यातच पेटी आणि तिच्यातील संसार बसला पाहिजे. हा आकडा हाती आल्यावर तीनांपैकी एखादे पत्रक आपोआप गळून पडेल, अशी आमची अटकळ आहे.

आता कंपन्यांकडे वळू. 'फोर व्हील कॅम्पर्स' ही १९७२ साली कोलोरॅडोत सुरू झालेली कंपनी आज कॅलिफोर्नियातील वुडलँड येथे आहे, म्हणजे सॅक्रमेंटोहून हाकेच्या अंतरावर. ॲल्युमिनियमचा जोडलेला सांगाडा आणि कमी वजन ही तिची ख्याती. मध्यम ट्रकासाठी 'फ्लीट', मोठ्या ट्रकाच्या साडेसहा फुटी हौद्यासाठी 'हॉक' आणि आठ फुटी हौद्यासाठी 'ग्रँडबी' अशी तिची नावे आहेत. यावरून हौद्याची लांबी किती निर्णायक असते तेही कळावे. 'पॅलोमिनो' ही 'फॉरेस्ट रिव्हर' या मोठ्या समूहाची शाखा. तो समूह २००५ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने विकत घेतला. तिचा माल जागोजागच्या विक्रेत्यांमार्फत मिळतो, किंमत उतरती असते आणि छापील किंमतीवर घासाघीस चालते. आयोवातील 'नॉर्थस्टार' आणि कोलोरॅडोतील 'हॉलमार्क' ही घराण्यांनी चालविलेली लहान नावे. हॉलमार्कचे फायबरग्लासचे एकसंध छत प्रसिद्ध आहे, आणि सांधा नसलेल्या छतातून पाणी झिरपण्याची धास्ती कमी, हे उघडच आहे.

अठरा आणि चाळीस हजारांमधील अंतराचा उलगडा मुख्यतः यादीत सापडतो. कोणी नुसती पोकळ पेटी दाखवून किंमत सांगतो, तर कोणी फ्रिज, हीटर, सौर तावदान, बॅटरी, गरम पाणी, सारे धरून. म्हणून तीनही पत्रके एकाच यादीवर आणून मगच त्यांची तुलना करावी. शिवाय पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत वाहतूक, तयारी व कागदपत्रे यांचे आकार असतात. ट्रकला पेटी बांधण्याचे ताणपेच आणि विजेची जोडणी यांचा हिशेब पुष्कळदा वेगळाच निघतो. वर विक्रीकर. कॅलिफोर्नियात त्याचा मूळ दर ७.२५ टक्के आहे आणि गावोगावचे कर त्यावर चढतात. तीस हजारांवर नुसता मूळ करच २,१७५ डॉलर होतो. शेजारच्या ऑरेगॉनात विक्रीकर नाही म्हणून तेथून पेटी आणण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ऐकू नये. घरी आणून वापरू लागताच कॅलिफोर्निया आपला वापरकर मागते.

आता मालातील खरा फरक. छत उचलण्याची तऱ्हा अवश्य पाहावी. काही छते आतून खांद्याच्या जोराने ढकलावी लागतात, काही दांडा फिरवून, तर काही विजेच्या बटणाने उचलली जातात. दुकानात हलके वाटणारे छत, वर सौर तावदाने आणि रात्रीचा बर्फ साठल्यावर, साठीच्या गृहस्थाला हलवेनासे होते. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो पेटी सपाट उभी असतानाच नीट गार करतो. बॅटरीवरचा ती खोड ठेवीत नाही, पण बॅटरी मागतो. आणि कापडी भिंती! दोन माणसांच्या श्वासाने व कुकरच्या वाफेने त्या आतून पहाटेपर्यंत घामेजतात. आपल्या फोडणीचा वास कापडात किती दिवस राहतो, हे कोणत्याच पत्रकात छापलेले नसते. बाहेर मांडता येणारी शेगडी आम्ही आतल्या ओट्यापेक्षा अधिक पसंत करू. कुकर मात्र घरी ठेवू नये; कोलोरॅडोच्या दहा हजार फुटांवर उघड्या पातेल्यातील डाळ शिजता शिजत नाही.

यलोस्टोनचा बेत आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे. तेथील फिशिंग ब्रिज या मुक्कामतळावर अस्वलांचा वावर असल्यामुळे कापडी भिंतींच्या वाहनांना उतरू देत नाहीत. इतर तळ खुले आहेत. जागा मात्र आधी नियम वाचूनच राखावी. घडीचे छत हवे आणि भिंतीही पक्क्या हव्यात, अशांसाठी 'अलास्कन' हा १९५०च्या दशकापासूनचा जुना प्रकार आहे. त्याचा वरचा पक्का भाग द्रवदाबाने खालच्या भागावरून वर सरकतो. जड आहे, महागही आहे. जून महिन्यातही यलोस्टोनच्या रात्री गोठणबिंदूच्या खाली जातात, तेव्हा हीटर ही चैन समजू नये, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत असलेच पाहिजे.

वापरलेल्या पेटीचाही विचार व्हावा. महामारीच्या काळात अमेरिकेत फिरत्या घरांची लाट आली. २०२१ साली कारखान्यांतून सर्व प्रकारची मिळून सहा लाखांहून अधिक वाहने बाहेर पडली आणि २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला. त्या लाटेत हौसेने घेतलेल्या पेट्या आता विक्रीस येतात, आणि विकत घेणाऱ्यास घाई करण्याचे कारण नाही. लाकडी सांगाडा असेल तर कोपरे अंगठ्याने दाबून पाहावे. मऊ लागले तर आत पाणी शिरले आहे. ॲल्युमिनियमचा असेल तर सांध्यांच्या जोडांना तडे शोधावे. कापड नवे घालता येते. कुजलेला सांगाडा दुरुस्त करणे मात्र खर्चाचे.

राहता राहिले आईवडील. पुढचा पलंग जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असतो. बाकावर पाय देऊन, वाकून, गुडघ्यांवर सरकत तेथे शिरावे लागते आणि मध्यरात्री तसेच उतरावे लागते. शौचाची सोय बहुतेक पेट्यांत सुटी, उचलून ठेवण्याची. चौघांची झोपण्याची व्यवस्था पत्रकात दाखविलेली असली, तरी चौथा माणूस जेवणाच्या मेजाची फळी खाली पाडून झोपतो. आणि वजनाचा हिशेब तर वर झालाच आहे. आम्ही भगिनींना असे सुचवू की, चिरंजीवांनी अशीच एखादी पेटी प्रथम दोन-तीन रात्रींपुरती भाड्याने घ्यावी. तशी सोय तिकडे आहे. यलोस्टोनच्या वाटेवर आईवडिलांनी रात्री जवळच्या निवासगृहात खोली घ्यावी, सकाळचा चहा तेवढा कॅम्परच्या सावलीत मुलांबरोबर व्हावा. खोलीचे भाडेही त्याच यादीत, पेटीच्या किंमतीखाली, आताच लिहून टाकावे.