नाणेनिधी ते कुलगुरू : डॉ. नरेंद्र जाधवांच्या अनुभवातून भूमला काय मिळाले?

जागतिक संस्थेत काम केलेला माणूस शिक्षणक्षेत्रात आला, तर त्याचा फायदा शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचतो का? डॉ. नरेंद्र जाधव यांच्या कारकिर्दीतून हा प्रश्न पुढे येतो.

कोण आहेत डॉ. जाधव?
जन्म १९५३ चा. मूळ गाव नाशिक जिल्ह्यातील ओझर. वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार. 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकामुळे हे कुटुंब महाराष्ट्राला माहीत झाले. डॉ. जाधव यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि सुमारे तीन दशके रिझर्व्ह बँकेत काम केले.

नाणेनिधीत काम काय होते?
देशाकडचे परकीय चलन आटले की आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अटी घालून कर्ज देतो. १९९१ मध्ये भारतानेही ते घेतले होते. नाणेनिधीच्या मंडळावर भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांचा मिळून एकच कार्यकारी संचालक असतो. डॉ. जाधव या संचालकांचे सल्लागार होते.

नंतर काय झाले?
- २००६ : पुणे विद्यापीठाचे कुलगुरू
- २००८ : शेतकरी आत्महत्या आणि कर्जमाफीवर राज्य सरकारला अहवाल
- २००९ : कुलगुरुपदाची मुदत संपण्याआधीच नियोजन आयोगावर
- २०१६ ते २०२२ : राज्यसभेचे नियुक्त सदस्य
- २०२५ : त्रिभाषा धोरणावरील राज्य समितीचे अध्यक्ष

मग अडचण कुठे आहे?
ही यादीच बोलकी आहे. सरकारला तज्ज्ञ आठवतो तो समितीसाठी. अहवाल मंत्रालयात जातो, पण भूममध्ये अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तेच जुने गाइड राहते. हा दोष एका व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

धाराशिव हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. भूम तालुक्यातील कुंथलगिरी खव्यासाठी प्रसिद्ध. दूध डेअरीला घालायचे की भट्टीवर खवा करायचा, कर्ज बँकेचे घ्यायचे की सावकाराचे, हे प्रश्न इथल्या घराघरांत आहेत. खरे अर्थशास्त्र तेच आहे, फक्त ते वर्गात शिकवले जात नाही.

काय करता येईल?
यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट खुली केली. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला पीएच.डी. नसतानाही शिकवता येते. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात.

मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवमध्ये आहे. तिथे बँक, नाबार्ड किंवा सहकार क्षेत्रातील अनुभवी अधिकारी नेमावेत आणि त्यांचे तास भूम, परंडा, वाशीच्या महाविद्यालयांतही ठेवावेत. मात्र ही निवृत्तांची सोय होता कामा नये. किती तास घेतले आणि विद्यार्थ्यांनी गावात कोणता अभ्यास केला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

कामगाराचा मुलगा वॉशिंग्टनपर्यंत गेला, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण तिथला अनुभव तालुक्याच्या वर्गात आणण्याची जबाबदारी विद्यापीठांची आहे, आणि त्यासाठी नव्या समितीची गरज नाही.